पावसाळ्यात तारा उंच होतात तेव्हा: घरी बांधलेल्या गिटारची क्रमाने तपासणी

लक्षणे

जूनच्या मध्यावर पाऊस स्थिरावला की दोन-तीन आठवड्यांत ही तक्रार सुरू होते, आणि दरवर्षी तिचे वर्णन जवळपास सारखेच असते. मार्चमध्ये सहज दाबल्या जाणाऱ्या तारा बोटांना बोचू लागतात. पहिल्या तीन-चार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (दांड्यावरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, फारसे काही जाणवत नाही, पण बाराव्या फ्रेटकडे जावे तसे तार आणि फ्रेट यांमधले अंतर वाढलेले स्पष्ट दिसते. मोकळ्या तारा ट्यूनरवर अचूक लावलेल्या असूनही वरच्या फ्रेटवर सूर चढा लागतो, कारण उंच झालेली तार फ्रेटपर्यंत दाबताना जास्त ताणली जाते. रात्री सुरात ठेवलेली गिटार सकाळी थोडी चढलेली सापडते. वाद्य डोळ्यांच्या पातळीला आडवे धरून पाहिले, तर ब्रिजच्या (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) मागचा टॉप, म्हणजे पुढची लाकडी पाटी, फुगलेला आणि साउंडहोलकडचा (मधल्या भोकाकडचा) भाग किंचित खचलेला दिसतो. आवाजातली धार जाते आणि तो बसका येतो.

तारा फ्रेटवर घासून झणझणत असतील, फ्रेटची टोके नेकच्या कडेला हाताला टोचत असतील किंवा टॉप सपाट पडला असेल, तर तो नेमका उलट आजार आहे. तो हिवाळ्यात किंवा सतत एसी चालू असलेल्या खोलीत होतो आणि त्याचे उपाय वेगळे आहेत; त्या गिटारवर पुढचे काहीही करू नये.

हे का होते

पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकते, त्याचेच हे कारण आहे. लाकूड हवेतली ओल शोषते आणि रेषांच्या आडव्या दिशेने रुंदावते. लांबीत मात्र ते जवळजवळ बदलत नाही. सापेक्ष आर्द्रता ४५ टक्के असताना लाकडातल्या पाण्याचे प्रमाण साधारण ८ टक्के असते, तर ८५ टक्के आर्द्रतेत बराच काळ राहिल्यास ते १७-१८ टक्क्यांपर्यंत जाते. सिटका स्प्रूसच्या टॉपची रुंदी तळाच्या फुगीर भागात ३९० ते ४०० मिलिमीटर असते. हे लाकूड मोकळे असते, तर एवढ्या फरकाने ते सुमारे ५ मिलिमीटर रुंदावले असते. प्रत्यक्ष गिटारमध्ये लॅकर (वरचा रोगणाचा थर) ओल शिरण्याचा वेग कमी करते, त्यामुळे पूर्ण ५ मिलिमीटरची वेळ सहसा येत नाही. पण जेवढे रुंदावते तेवढ्यालाही बाहेर जायला जागा नसते, कारण कडा बाजूंना चिकटलेल्या असतात आणि आतून ब्रेस, म्हणजे चिकटवलेल्या आधारपट्ट्या, धरून असतात. मग टॉप वर उचलला जातो, त्याच्याबरोबर ब्रिज उचलला जातो आणि ब्रिजबरोबर तारा. त्यात तारांचा ताण भर घालतो: ०.०१२ इंचाच्या (ही सर्वांत बारीक तारेची जाडी) सेटचा एकूण ताण सुमारे ७२ ते ७५ किलो असतो, आणि तो ब्रिजला सतत पुढे कलवू पाहतो.

म्हणजे जुलैमध्ये दिसणारी उंची ही बऱ्याचदा बिघाड नसून लाकडाचा स्वभाव असते. खरा बिघाड, म्हणजे सुटलेला ब्रिज, सुटलेला ब्रेस किंवा बदललेला नेकचा कोन, त्याच लक्षणांआड लपून बसतो. म्हणूनच पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन तपासण्या गाळून कोणी थेट शेवटच्या तपासणीवर गेला, तर तिचे उत्तर पावसाळ्यात हमखास चुकीचे येते.

तारा आणि मोजमाप

सर्वांत आधी तारांचा सेट कोणता आहे ते पाहावे. नव्याने बांधलेल्या गिटारवर भरघोस आवाजाच्या हौसेने ०.०१३ चा सेट चढवला जातो आणि ताण ८० किलोच्या पुढे जातो. हलक्या ब्रेसिंगच्या घरगुती गिटारला तो पावसाळ्यात झेपत नाही. ०.०११ चा सेट लावला, तर ०.०१२ च्या तुलनेतही सात-आठ किलो भार कमी होतो. एवढ्यानेच काही वाद्ये पुन्हा वाजवण्याजोगी होतात, आणि खर्च फक्त तारांचा होतो.

मग गिटार सुरात लावून स्टीलच्या पट्टीने बाराव्या फ्रेटवर मोजावे: फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. स्टीलच्या तारांसाठी जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली सुमारे १.८ मिलिमीटर हे सोयीचे अंतर आहे. जाड तारेखाली ३ मिलिमीटरच्या पुढे आकडा गेला, तर लक्ष घालायला हवे. नायलॉन तारांच्या गिटारला हे आकडे लागू नाहीत. तिथे ४ आणि ३ मिलिमीटर सर्रास चालतात. मोजलेला आकडा, तारीख आणि खोलीची आर्द्रता एका चिठ्ठीवर लिहून ती केसमध्येच ठेवावी. ही चिठ्ठी पुढच्या प्रत्येक निर्णयाचा आधार आहे, कारण ‘पूर्वी इतकी उंच नव्हती’ या आठवणीवर विसंबून पटाशी चालवता येत नाही.

आर्द्रता मोजणे आणि वाद्य वाळू देणे

काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक घ्यावा, पण त्याच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नये. तो तपासण्याची सोपी रीत आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घालावे. मीठ ओल्या वाळूसारखे भिजायला हवे, विरघळता कामा नये. हे झाकण आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावेत. बंद डब्यात अशा मिठावरची हवा २० ते ३० अंश तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. मापकाने ८१ दाखवले, तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून ६ वजा करायचे.

आता गिटारभोवतीची हवा ५० टक्क्यांच्या आसपास आणायची. दिवसातले काही तास एसी ‘ड्राय’वर चालवणे, लहान डीह्युमिडिफायर वापरणे, किंवा एसी नसेल तर बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या आठवड्याला ओव्हनमध्ये मंद तापमानावर सुकवणे, यांपैकी जे जमेल ते करावे. तारा दोन सूर उतरवून ठेवाव्यात. गिटार भिंतीवर टांगायची सवय असेल, तर ती निदान चार महिने मोडावी. ठाणे आणि नवी मुंबईच्या इमारतींत पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या बाहेरच्या भिंतींवर पाऊस थेट आपटतो, त्या आतून ओल धरतात, आणि अशा भिंतीला पाठ लावून टांगलेले वाद्य खोलीच्या सरासरीपेक्षा ओल्या हवेत राहते. ऐरोली किंवा कोपरीसारख्या खाडीकाठच्या भागात खिडकी उघडी ठेवून ओल कमी होईल ही आशा धरू नये. बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट असते.

येथे घाई हा सर्वांत मोठा शत्रू आहे. हेअर ड्रायर, हीटर, ऊन किंवा उन्हात उभ्या गाडीची डिकी यांनी लाकडाचा पृष्ठभाग आधी आकसतो आणि गाभा ओलाच राहतो. त्यातून टॉपला चीर जाते, आणि उष्णतेने गोंदही मऊ पडतो. दोन ते तीन आठवडे संथपणे वाळू द्यावे आणि दर चार दिवसांनी बाराव्या फ्रेटवर पुन्हा मोजावे. आकडा हळूहळू उतरत असेल, तर दुरुस्तीला हात लावण्याचे कारण उरत नाही. माझ्याकडे या तक्रारीने आलेल्या बहुतेक गिटारींचे काम इथेच संपले आहे.

सॅडल पावसात घासू नये

तारा उंच झाल्या की सॅडल (ब्रिजमधली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) काढून पॉलिश पेपरवर घासण्याचा मोह होतो, आणि उपाय लगेच लागू पडतो हेच त्यातले संकट आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. म्हणून तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा, तर सॅडल एक मिलिमीटर घासावे लागते. ऑगस्टमध्ये एवढे घासले की गिटार हातात सुखावते. जानेवारीत टॉप आपल्या जागी परततो, तारा त्याच्याबरोबर खाली येतात आणि प्रत्येक फ्रेटवर झणझण सुरू होते. वाशीतल्या एका परिचिताची सागवानी पाठीची, अत्यंत देखणी गिटार याच कारणाने एका हिवाळ्यात वाजवण्याजोगी राहिली नव्हती. नवे सॅडल घडवल्यावर ती पूर्ववत झाली.

पावसाळ्यात वाजवणे भागच असेल, तर हाडाची दोन सॅडल करावीत. एक मूळ उंचीचे कोरड्या दिवसांसाठी आणि एक बुटके पावसाळ्यासाठी. दोन्हींच्या तळाला पेन्सिलीने खूण करून न वापरलेले केसमध्ये ठेवावे. सॅडलचा तळ खाचेत पूर्ण टेकतो ना, हे उजेडासमोर धरून पाहावे. काठाला गोलाई राहिली, तर आवाज दबतो आणि मग त्याचा दोष विनाकारण टॉपला दिला जातो.

नेकचा रिलीफ आणि नट

वाद्य वाळवूनही अंतर उतरले नाही, तर नेककडे वळावे आणि त्याचा रिलीफ, म्हणजे पुढच्या बाजूचा हलका बाक, तपासावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जाड तार चौदाव्या फ्रेटवर दाबावी. अशा वेळी तार स्वतःच सरळ पट्टीचे काम करते. सातव्या फ्रेटच्या आसपास तिच्याखाली ०.१ ते ०.२५ मिलिमीटर फट असावी. ही फट मोजायला फीलर गेज लागतो, आणि तो दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात टॅपेट सेटिंगसाठी सहज मिळतो. फट जास्त असेल, तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) पाव फेरा आवळून, गिटार पुन्हा सुरात लावून, निदान काही तास थांबून परत मोजावे. एकाच बैठकीत अर्ध्या फेऱ्याच्या पुढे जाऊ नये. रॉडचा नट जड लागत असेल, करकरत असेल किंवा आवळूनही नेकवर परिणाम दिसत नसेल, तर तिथेच थांबावे. आत तुटलेला रॉड बदलायचा म्हणजे फ्रेटबोर्ड काढायचा, आणि ते काम कारागिराचे आहे.

ही तपासणी सॅडल घासण्याच्या आणि नेकचा कोन पाहण्याच्या आधी येते, कारण रिलीफ चुकीचा असताना बाकीची सगळी मापे फसवी निघतात. ट्रस रॉड मात्र रिलीफसाठीच आहे; फुगलेल्या टॉपची उंची त्याने झाकायचा प्रयत्न केला, तर नेक मागे वाकतो आणि पहिल्या काही फ्रेटवर झणझण येते.

नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात, त्या नटची परीक्षा सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली, की पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट दिसावी. अधिक दिसली, तर खाच थोडी खोल करावी.

ब्रिजची कड

हात धुऊन, चांगल्या उजेडात, ब्रिजच्या मागच्या कडेपाशी बसावे. तारा सुरात असाव्यात, कारण ताण असतानाच फट उघडते. साध्या कागदाची पट्टी किंवा पातळ पावती ब्रिज आणि टॉप यांच्या सांध्याला लावून न ढकलता सरकवत न्यावी. सांधा शाबूत असेल, तर कागद कडेला टेकून पुढे घसरत राहतो. सुटलेल्या जागी आल्यावर तो आपसूक आत ओढला गेल्यासारखा शिरतो आणि बोटांना तो फरक लगेच कळतो. दोन्ही कोपरे विशेष पाहावेत. सुटण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. एखाद मिलिमीटर आत गेला, तर ती लॅकरची कड असू शकते. तीन-चार मिलिमीटर गेला, तर गोंद सुटू लागला आहे, आणि तारा त्याच दिवशी उतरवाव्यात. पुढे ढकललेली ही दुरुस्ती महाग पडते, कारण ब्रिज ताणाखाली उखडला की टॉपच्या स्प्रूसचे धागेही सोबत घेऊन येतो.

घरी बांधलेल्या गिटारींत ब्रिज सुटण्याची कारणे ठरलेली आहेत. ब्रिजखालचे लॅकर पूर्ण खरवडले गेलेले नसते आणि गोंद लाकडाऐवजी लॅकरला धरतो. ब्रिजचा तळ सपाट असतो, तर टॉपला आठ-नऊ मीटर त्रिज्येची हलकी कमान असते. क्लॅम्पच्या जोरावर दोन्ही टेकवले जातात आणि तो ताण सांध्यात कायमचा राहतो. तिसरे कारण गोंदाचे. फर्निचरसाठी वापरला जाणारा पांढरा गोंद कपाटाला उत्तम आहे, पण सततच्या ताणाखाली, उष्णतेत आणि ओलीत तो सूक्ष्मपणे सरकतो. ब्रिजसाठी सरस (प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला गोंद) किंवा वाद्यांना चालणारा पिवळा अ‍ॅलिफॅटिक गोंद वापरावा. तो लावताना खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत असावी आणि नंतर तारा चढवण्यापूर्वी निदान दोन दिवस जाऊ द्यावेत.

स्वतः बांधलेली गिटार असेल आणि हा सांधा पूर्वी कधी उकलला असेल, तर काम घरी करता येते: ब्रिज मंद उष्णतेने गरम करायचा, पातळ पाते रेषांच्या दिशेने संथपणे सरकवायचे, जुना गोंद पूर्ण खरवडायचा, तळ टॉपच्या कमानीला जुळवायचा. पात्याला धागे अडू लागले, तर जोर न लावता दुसऱ्या बाजूने यावे. तिकडूनही अडले, तर हात मागे घ्यावा.

आतले ब्रेस

तारा उतरवून साउंडहोलमधून लहान आरसा आणि फोनचा दिवा आत न्यावा. प्रत्येक ब्रेसची टोके आणि ‘एक्स’ आकारात छेदणाऱ्या दोन मुख्य ब्रेसचा मधला सांधा पाहावा. मग टॉपवर ब्रेसच्या मार्गाने बोटाच्या पेराने हलके ठोकत जावे. चिकटलेल्या ब्रेसवर ठोका भरीव येतो. सुटलेल्या जागी तो फुटका येतो, आणि कधी कधी त्याबरोबर बारीक खडखडही ऐकू येते. कागदाची पट्टी इथेही उपयोगी पडते.

वाळवल्यानंतर फुगवटा पूर्वीइतका उतरला, तर तो ओलीचा होता. तसाच राहिला, तर ब्रेस सुटला आहे, किंवा टॉप वा ब्रेस पातळ झाले आहेत. सुटलेल्या टोकापर्यंत हात पोहोचत असेल, तर पातळ पट्टीने गोंद आत घालून, आतून लहान स्क्रू-जॅकचा आधार देऊन ते बसवता येते. बाहेरून टॉपला पडणाऱ्या दाबासाठी सपाट लाकडी ठोकळा ठेवावा. हात पोहोचत नसेल, ब्रिज प्लेटला (ब्रिजखालच्या आतल्या लाकडी पट्टीला) चीर असेल किंवा टॉपवर रेषेच्या दिशेने भेग उमटली असेल, तर हे घरचे काम नाही.

नेकचा कोन, आणि कुठे थांबावे

ही तपासणी अखेरीस आणि कोरड्या वाद्यावरच करावी. लांब, खात्रीची सरळ पट्टी फ्रेटच्या माथ्यांवर मधोमध ठेवून ब्रिजपर्यंत न्यावी. तिचे टोक ब्रिजच्या माथ्याला नुसते घासून जावे. ती माथ्याच्या दीड मिलिमीटर किंवा त्याहून खाली, ब्रिजच्या पुढच्या भिंतीवर आदळत असेल आणि सॅडलही आधीच बुटके झाले असेल, तर नेकचा कोन बदललेला आहे. फुगलेल्या टॉपवर ही पट्टी ठेवली, तर निरोगी गिटारही हेच दाखवते, कारण ब्रिज उचललेला असतो. पावसाळ्यात विनाकारण केलेल्या नेक रीसेटमागे (नेक काढून नव्या कोनात बसवण्यामागे) हीच चूक असते.

नेक बोल्टने जोडलेला असेल, तर शांतपणे, टाचेच्या (नेक ज्या टोकाने बॉडीला जोडला जातो, त्याच्या) कडा थोड्या-थोड्या उतरवून कोन सुधारणे हौशी माणसाला शक्य आहे. गोंदाने चिकटवलेल्या डव्हटेल सांध्यावर (खाचेत अडकणाऱ्या सांध्यावर) मात्र वाफ सोडून नेक उकलावा लागतो, आणि त्यात लॅकर पांढरे पडणे, टाच तडकणे किंवा टॉप उकलणे या तिन्ही गोष्टी एका दुपारी घडू शकतात. हे काम, तुटलेला ट्रस रॉड, ब्रिजसोबत उखडलेले धागे आणि टॉपची भेग, यांपैकी काहीही समोर आले, तर तारा उतरवून गिटार केसमध्ये ठेवावी आणि दुरुस्तीच्या कारागिराकडे न्यावी. वाद्यांच्या दुकानात तारा बदलणारा प्रत्येक जण हे काम करतो असे नाही; यापूर्वी नेक रीसेट केला आहे का, हे थेट विचारावे.

पुढचे वाद्य बांधताना

टॉपवर ब्रेस चिकटवण्याचे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, दुपारच्या कोरड्या वेळी करावे, किंवा एसीच्या खोलीत मापकावर ४५ टक्के दिसल्यावर. तोपर्यंत वखारीतून आणलेले लाकूड त्याच हवेत काही आठवडे, पाट्यांमध्ये पट्ट्या ठेवून, राहू द्यावे. ८० टक्क्यांत ब्रेस लावलेला टॉप पावसाळ्यात छान वागतो आणि पहिल्याच कोरड्या हिवाळ्यात खचतो किंवा तडकतो. तो दोष नंतर सॅडलने किंवा ट्रस रॉडने भरून निघत नाही. नेकवर, पाठीवर, कडेच्या पट्ट्या वाकवण्यावर पावसाळ्यात खुशाल काम करावे. टॉप आणि पाठ यांचे ब्रेसिंग मात्र थांबवून ठेवावे.

कारागिराकडे गिटार देताना केसमधली चिठ्ठी सोबत द्यावी आणि कोणत्या सांध्याला कोणता गोंद वापरला आहे हे लिहून द्यावे. सरसाचा सांधा ऊब आणि ओलीने सुटतो, पिवळा गोंद उष्णतेने मऊ पडतो, पण इपॉक्सीचा सांधा वाफेला दाद देत नाही. आधी माहीत असेल, तर कारागीर वाफ सोडण्यापूर्वीच वेगळा मार्ग निवडेल.